टॅरो : तलवारींची पंजी

टॅरोच्या ७८ पानांपैकी तलवारींची पंजी हे वाद जिंकणाऱ्याचे पान आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा केवळ पत्त्यांचा खेळ होता. भविष्यकथन त्याला अठराव्या शतकात चिकटले. आज सर्वाधिक परिचित असलेले चित्र आर्थर एडवर्ड वेट यांच्या १९०९च्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटले. विस्कटलेल्या ढगांखाली एक जण तीन तलवारी घेऊन उभा आहे, दोन जमिनीवर पडल्या आहेत. खचलेले दोघे पाठ फिरवून निघाले आहेत आणि तो त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत आहे. वेट यांनी या पानाला विजयाचा नव्हे, तर मानहानीचा व नाशाचा अर्थ दिला.

चिंतनासाठी हे पान घेताना भविष्य विचारू नये. कागदाच्या तुकड्याला ते ठाऊक नसतेच. नुकताच झालेला वाद आठवावा आणि चित्रातील तिघांपैकी आपण कोण, हे ठरवावे. मग पाठमोऱ्या व्यक्तीचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत लिहून काढावे. येथे बहुतेकांची लेखणी अडते, कारण ते म्हणणे पुरते ऐकलेलेच नसते. अशा वेळी उलट्या टांगलेल्या माणसाचे बारावे पान शेजारी ठेवावे. त्याचे डोके खाली आहे, तरी चेहरा शांत आहे.