रायपूरची जानकीदेवी महिला पाठशाळा

रतनपुरास बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून चालविलेला अंमल, त्यांच्यामागून नागपूरकरांनी धाडलेले सुभेदार, विठ्ठल दिनकरांनी परगण्या-परगण्यांतून बसविलेले कमाविसदार व फडनवीस, १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यूसाहेबाने रतनपूर सोडून रायपुरास आणलेले कारभाराचे ठाणे आणि अखेर १८५४ त खालसा झालेले भोसल्यांचे राज्य, इतक्या स्थित्यंतरांतून छत्तीसगडात जी मराठी घराणी टिकली, ती मुख्यत्वे दौत-लेखणीच्या आश्रयाने टिकली. रायपुरातील मोहल्ल्यांना ‘पारा’ म्हणतात; त्यांतील तात्यापाऱ्याच्या नावातच त्या वसाहतीची खूण उमटली आहे. परंतु दप्तराची ही विद्या माजघराचा उंबरठा क्वचितच ओलांडी. १९११ च्या खानेसुमारीत अवघ्या हिंदुस्थानात हजार स्त्रियांमागे साक्षर निघाल्या त्या जेमतेम दहा.

त्याच सुमारास, १९११-१२ च्या दरम्यान, माधवराव सप्रे यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी १९ जून १८७१ रोजी जन्मलेला, घरी मराठी बोलणारा आणि लिहिताना हिंदी लिहिणारा हा पदवीधर गृहस्थ सरकारी नोकरीच्या वाटेस गेला नाही. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे यांच्या साहाय्याने जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्याने ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. तीन वर्षांत ते तोट्यापायी बंद पडले. पुढे १९०७ त टिळकांच्या ‘केसरी’चा हिंदी अवतार त्यांनी नागपुरास चालविला, १९०८ त राजद्रोहाच्या आरोपाखाली ते पकडले गेले, आणि आप्तांच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे नमून माफी लिहून देऊन सुटले. ही माफी त्यांच्या जिव्हारी लागली. मन समर्थांच्या संप्रदायाकडे वळले आणि दासबोधाचे हिंदी भाषांतर हातून घडले.

चरित्रकार या पाठशाळेस बहुधा एका ओळीची जागा देतात, जणू राजकारणातून निवृत्त झालेल्या मनुष्याने फावल्या वेळात केलेले ते एक पुण्यकर्म होय. मला हे मान्य नाही. ज्याचे मासिक वाचकांवाचून बुडाले, त्याला वाचक घडवावा लागतो हे कळले असलेच पाहिजे. आणि घडवावयाच्या वाचकांपैकी निम्मे माजघरात बसलेले असताना केवळ मुलग्यांच्या शाळांवर विसंबणे हा हिशेबातला उघड घोटाळाच. पाठशाळेचा उल्लेख कोठे ‘कन्या’ पाठशाळा असाही आढळतो. मला ‘महिला’ हाच शब्द अधिक अर्थगर्भ वाटतो, कारण कन्येचे शिक्षण विवाहाबरोबर संपे, आणि ‘महिला’ म्हणताच प्रौढ, संसारी, प्रसंगी विधवा स्त्रीही डोळ्यांपुढे येते. पुण्यास अण्णासाहेब कर्व्यांनी १९०७ त विद्यालय काढले, त्याच्याही नावात हाच शब्द होता. मात्र पुण्यास १८४८ पासून फुले दांपत्याने मळलेली वाट होती. रायपुरास १८८८ त आगगाडी आली, पाठशाळा निघाली तेव्हा तिला येऊन पाव शतकही झाले नव्हते.

सप्रे त्यानंतर गीतारहस्याच्या हिंदी अनुवादात गढले. तो १९१६ त निघाला. १९२४ त डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. बूढापाऱ्यात आज त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि तिचे मैदान विचारले तर कोणीही न चुकता नेऊन पोहोचवील. जानकीदेवीचे नाव मात्र त्या मैदानावर सहसा कानी पडत नाही.