अंजीर मापट्यात बसत नाही

जुन्या मापांच्या गोष्टींत आज अंजिराचं बोलू. उन्हाळ्याच्या तोंडावर गटानं अंजिराचा जॅम करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: फळ मोजून घ्यायचं की तोलून? प्रश्न लहान दिसतो, पण गटाचे पैसे त्यावर अडतात. उत्तरासाठी थोडं मागं जावं लागतं.

आपल्या आज्यांच्या वेळी वस्तू घ्यायच्या तीन रीती होत्या. धान्य मापानं, गूळ तागडीनं आणि फळ नगावर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनातला शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण 933 ग्रॅम, आणि असे 40 शेर म्हणजे मण. पण हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात शेर बाजारागणिक बदलायचा. शिवाय मापाला शीग असते. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट भरलं, तर माप तेच राहतं आणि दाणे कमी होतात. उसनं पीठ आणलेल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे.

आपल्या आष्टीला तर आणखी एक भानगड होती. आपण निजामाच्या राज्यात, आणि शेजारचं नगर इंग्रजांच्या. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब चालायचा. नगरच्या बाजारात माल नेणाऱ्याला भाव कळून उपयोग नव्हता, तो कुठल्या रुपयात आणि कुठल्या शेरावर हे आधी विचारावं लागे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतरही हाली रुपया काही वर्षं हातात फिरत होता.

मग किलो आला. वजनमापांचा कायदा 1956 चा. ऑक्टोबर 1958 पासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि एप्रिल 1962 पासून सक्तीची झाली. म्हाताऱ्या माणसांनी शेर-पावशेर पुढंही बरीच वर्षं तोंडात ठेवले. काही जणी अजून "पावशेर मिरची" म्हणतात आणि दुकानदार न बोलता पाव किलो देतो. माझं स्पष्ट मत आहे की किलोनं बाईचं भलं केलं. शीग गेली, आणि आष्टीचा किलो नगरच्या किलोइतकाच झाला.

फळाच्या बाबतीत मात्र किलोबरोबर एक चांगली सवय सुटली. नगावर घेताना बाई प्रत्येक फळ हातात घ्यायची. किलोवर घेताना आपण काट्याकडं बघतो, फळाकडं नाही. अंजिराला हे चालत नाही.

अंजीर हा फारसी शब्द, पण झाड आपल्या उंबराच्या नात्यातलं. उंबरासारखीच याचीही फुलं आत असतात. मराठवाड्याला ते परकं नाही. ‘दिनकर’ नावाचा वाण दौलताबादच्या अंजिरातूनच निवडलेला आहे. नाव मोठं आहे ते पुण्याकडच्या पुरंदरचं. त्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बीडच्या सीताफळालाही त्याच वर्षी.

या दोन फळांत एक मोठा फरक आहे. सीताफळाचे डोळे उघडले की तोडायचं आणि घरी अढीत पिकवायचं. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. कच्चं तोडलं तर मऊ पडेल, पण गोड होणार नाही. म्हणून ते झाडावरच पिकू देतात. पिकलेलं फळ इतकं नाजूक, की मापट्यात दाबलं तर लगदाच व्हायचा. पाटीत पानं घालून ते थरांनी लावतात. आता वरच्या थरात कोणती फळं असतात हे मी सांगायला नको.

निवडताना देठाकडची मान बघा. ती जराशी झुकलेली आणि मऊ हवी. मान ताठ असेल आणि देठाला पांढरा चीक येत असेल तर फळ कच्चं. सालीवर बारीक चिरा असल्या तर घाबरू नका, ते पिकल्याचं लक्षण आहे. पण रस गळत असेल, आंबूस वास येत असेल, तर ते फळ आंबायला लागलंय. आकाराच्या मानानं हाताला जड लागलं पाहिजे. मीठा बहाराची, मार्च-एप्रिलातली फळं सगळ्यांत गोड.

आता हिशेब. मध्यम अंजीर 40 ते 50 ग्रॅमचं, म्हणजे किलोत 20 ते 25 फळं. म्हणून तोलून घ्या आणि मग मोजा. किलोत 35 निघाली तर खालच्या थरात बारीक माल भरलाय, भाव त्याप्रमाणं बोला. जॅमच्या कृतीत "आठ अंजीर" असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. आठ फळं कधी 300 ग्रॅम भरतात, कधी 400. देठ आणि खराब भाग काढून उरलेला गर तोला आणि साखर त्या वजनावर धरा. अंजिरात आंबटपणा कमी असतो, तेव्हा लिंबू लागतंच. विकायच्या जॅमला नियमानं निदान 45 टक्के फळ हवं, ते वजनानंच मोजलं जातं. सुकवायचं असेल तर ढोबळमानानं तीन किलो ताज्याचं एक किलो होतं, तो खर्च आधी मांडा. चिकानं हात खाजतात, चिरण्याआधी तेल लावा.

काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का, तेही बघा. वजनाच्या जागी दगड ठेवलेला चालत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. आणि आपल्या बरणीच्या चिठ्ठीवर निव्वळ वजन लिहायचं, म्हणजे रिकामी बरणी आधी तोलून ते वजा करायचं.