दादा, आकडा आणि गिरणीची जमीन

मटक्याचा जुगार जन्मला तो कापसाच्या भावातून. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला, कितीला बंद झाला, त्यावर मुंबईत पैसे लागत. तो भाव येणं थांबल्यावर, १९६२ साली, कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. मागून रतन खत्री आले. पाळी सुटली की गिरणीच्या आसपास ओपन, क्लोज, जोडीची चर्चा चाले. चिठ्ठीवर आकडा लिहून घेणाऱ्या पोराला तोंडी हिशेब यावा लागे, तोंड बंद ठेवता यावं लागे आणि पोलीस येतोय हे आधी कळावं लागे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीवाल्यांना असंच गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं.

कामगार नेते दत्ता सामंत यांचा गिरणी संप यानंतरचा.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप फसला, पोरं बेकार झाली, टोळ्या फोफावल्या, ही कथा सिनेमावाल्यांनाही तोंडपाठ आहे. समाजशास्त्रात तिला रॉबर्ट मर्टन यांचा आधार सापडतो. समाज पैशाचं स्वप्न सगळ्यांना दाखवतो आणि सरळ वाट थोड्यांनाच देतो, मग काहीजण आडवाट धरतात, असं त्यांनी १९३८ मध्ये मांडलं. पण लालबाग-परळमधले बहुसंख्य बेकार आडवाटेला गेलेच नाहीत. कुणी कोकणात, साताऱ्याकडे गावी परतले, कुणी भाजीची गाडी लावली, कुठे बायकांच्या डब्यांवर घर चाललं.

रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन या जोडीचं १९६० मधलं म्हणणं इथे जास्त कामाचं. गुन्ह्यालाही संधी लागते, शिकवणारा लागतो, आधीपासून चालू असलेला धंदा लागतो. लालबाग-परळच्या या गिरणगावात मटका-हातभट्टीचा असा धंदा होता. दादाही होता: १९२० च्या दशकात घोडपदेवचे केशव दादा बोरकर तालमीच्या जोरावर वजन राखून होते आणि कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या युनियनला आडवे जात होते. दादाची माणसं संप फोडायला उपयोगी पडत, मालकांनाही ते ठाऊक होतं.

म्हणून प्रश्न पोरांच्या बेकारीपाशी थांबत नाही. त्यांची गरज कुणाला होती, तेही विचारावं लागतं. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली आणि एकरांचा भाव कापडापेक्षा भारी ठरला. आता युनियन कुणाच्या हातात, कामगारांची संमती कोण मिळवून देणार, याला किंमत आली. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून मारले गेले. १६ जानेवारी १९९७ ला पवईत खुद्द दत्ता सामंत.

दादा राजकारणातही आले: दगडी चाळीचे टोळीप्रमुख अरुण गवळी यांनी १९९७ मध्येच पक्ष काढला. २००४ साली चिंचपोकळीने त्यांना आमदार केलं. २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या खुनात त्यांना जन्मठेप झाली.