लाईन

खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मध्ये उंबरमाळी हे लहानसे स्थानक आहे. नाव उच्चारताच उंबर आणि माळ डोळ्यांपुढे उभे राहतात. दोन्ही शब्द या मातीतले. परंतु या परिसरात एखाद्याला त्याच्या घराची खूण विचारावी, तर 'लाईनीच्या पलीकडे' असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. शाळेची पायरी न चढलेली वृद्धाही हा इंग्रजी शब्द माहेरून आणल्यासारखा वापरते.

सेमिनरीत लॅटिनशी झटापट केलेल्या आम्हांला या शब्दाचे कूळ ठाऊक आहे. 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या वाखाचा धागा तो 'लिनेआ'. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:५) रिकाम्या कबरेतील ज्या वस्त्रांचा उल्लेख येतो, त्यांना लॅटिन बायबलात 'लिन्तेआमिना' म्हटले आहे. तो शब्दही याच घराण्यातला. (मराठी बायबलात आपण त्यांना 'तागाची वस्त्रे' म्हणतो, वस्तुतः ती जवसाच्या धाग्याची.) ताणलेला धागा सरळ रेघ दाखवतो, म्हणून धाग्याचे नाव रेघेला मिळाले. आपला गवंडी भिंत रचताना सुतळी ताणतो आणि तिला 'लाईनदोरी' म्हणतो, म्हणजे मुळात 'दोरीदोरी'च! त्याच्या शेजारचे घमेले मात्र पोर्तुगिजांकडून आलेले.

पोर्तुगीज शब्द समुद्रावरून आले. पाद्री, पगार, चावी हे शब्द आपण आपलेच मानतो. 'लाईन' आमच्या तालुक्यात रुजली ती रुळांमुळे, असे आम्हांस वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये ती कल्याणला, १८५५ मध्ये वाशिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. पुढे थळ घाट आडवा होता. तेथे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. आजही कसाऱ्याहून निघणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनांनी रेटावे लागते. हजारो मजुरांनी सुरुंग लावून, कातळ फोडून तो मार्ग केला आणि १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीस गेली. 'लोहमार्ग' हा शब्द सरकारी कागदावर शोभला. लोकांच्या जिभेवर 'लाईन' बसली.

ओळ, रांग, रेघ असे शब्द घरात असताना हा पाहुणा कशाला, असे काही विद्वान विचारतात. आम्हांला तो आक्षेप पटत नाही. ओळ वहीतली, रेघ पाटीवरची, रांग माणसांची. लाईनीने या तिन्ही जागा घेतल्या आणि शिवाय नवीन जागाही शोधल्या. छावणीतल्या शिपायांच्या झोपड्या ओळीने असत, त्यांना इंग्रज 'लाईन्स' म्हणत. त्यातून आपली पोलीस लाईन आली. विजेच्या तारांबरोबर लाईनमन आला, टेलिफोनबरोबर 'लाईन लागत नाही' ही तक्रार आली. मुलीसाठी स्थळ पाहताना 'मुलगा कुठल्या लाईनीत आहे?' असे विचारतात. बिघडलेला सुधारला की तो 'लाईनीवर आला'. तरुण मंडळी 'लाईन मारतात', त्याचा अर्थ आम्ही येथे देत नाही. वाचकांना तो आमच्याहून चांगला माहीत असेल. शेजारच्या मुरबाडात मात्र रेल्वेच्या अर्थाने हा शब्द अनेक वर्षे भविष्यकाळातच चालला आहे: 'लाईन येणार'.

शहापूर तालुक्यात आणखी एक लाईन आहे, आणि तिच्याविषयी थट्टा करवत नाही. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मोठ्या नळांतून मुंबईस जाऊ लागले. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही त्याच दिशेने निघाले. धरणांसाठी जमिनी गेल्या त्या येथल्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या. पाइपलाईन पाड्यांच्या शेजारून जाते. तिच्यातून जाणारे पाणी शंभर किलोमीटरवरच्या घरांचे असते.

पावसाळ्यात येथे पाण्याला तोटा नाही. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटापर्यंत चढले, कसारा घाटात दरड कोसळली आणि गाड्या थांबल्या. सगळीकडे एकच वाक्य ऐकू येत होते: 'लाईन बंद आहे.' पण एप्रिल लागला की याच तालुक्यातील अनेक पाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात. बाया पहाटेपासून हंडे ओळीने मांडून ठेवतात, आपल्या हंड्याची जागा ओळखावी म्हणून त्यावर चिंधी बांधतात आणि सावलीला जाऊन बसतात. वळणावर टँकरचा धुरळा दिसला की आधी पोरे धावतात आणि ओरडतात, 'लाईन लावा, लाईन लावा!'