तळटीप १ : भोंडला

१. भोंडला : आश्विनातल्या नवरात्रात मुलींनी फेर धरून गायचा खेळ. सप्टेंबरअखेर सूर्य हस्त नक्षत्रात येतो. त्या नक्षत्राच्या पावसावर रब्बीची भिस्त, म्हणून पाटावर हस्ताचं प्रतीक असलेला हत्ती काढून पूजतात. पहिल्या दिवशी १ गाणं, दुसऱ्या दिवशी २, असा क्रम रोज चढत जातो. शेवटी खिरापतीचा बंद डबा खुळखुळवून ‘गोड की तिखट?’ अशी ओळखाओळखी रंगते. दक्षिण महाराष्ट्रात हाच हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई.

पुण्यातल्या अनेक शाळांत आजही भोंडला होतो. कडव्यागणिक लांबत जाणाऱ्या गाण्यांनी पाठांतर होतं आणि फेराच्या पावलांत ताल आपसूक बसतो. प्राथमिक वर्गांच्या संगीताच्या तासाला भोंडला जरूर घ्यावा, मुलग्यांनाही फेरात घेऊन.