पडद्यामागची भाषा कुणी ठरवायची?

एखादं सॉफ्टवेअर आपल्या भाषेत उपलब्ध असणं वेगळं आणि ते आपल्या भाषेत करून घेणं आपल्या हातात असणं वेगळं. संकेतस्थळं बांधणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांचं वर्डप्रेस मे २००३ मध्ये आलं. वर्षभरातच, १.२ या आवृत्तीत, पडद्यावरची वाक्यं कोडपासून वेगळी काढून भाषांतराच्या फायलींत ठेवण्याची सोय झाली. त्यासाठी युनिक्सच्या जगात रुळलेली गेटटेक्स्ट ही पद्धत घेतली. म्हणजे भाषांतराचा मार्ग तेव्हाच खुला झाला होता. तरी पुढची दहा वर्षं भाषा बदलायची तर भाषांतराची फाइल सर्व्हरवर ठरलेल्या फोल्डरमध्ये चढवायची आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या फायलीतल्या एका ओळीत भाषेचा संकेत लिहायचा, असा रिवाज होता. त्या ओळीत एक अवतरणचिन्ह राहून गेलं तरी अख्खं संकेतस्थळ बंद पडे. दुसरा मार्ग म्हणजे त्या भाषेचा वेगळा तयार संच उतरवून घेणं. पण नवी इंग्रजी आवृत्ती आली की तो संच बनेपर्यंत थांबणं आलं. भाषा ही लिहिणाऱ्याची गरज होती आणि ती बदलण्याची किल्ली सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे.

ही किल्ली हलली ती भाषाप्रेमामुळे नव्हे, सुरक्षिततेमुळे, असं माझं मत आहे. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस छोट्या दुरुस्त्या स्वतःहून बसवून घेऊ लागलं. प्रत्येक भाषेचा संच निराळा ठेवून हे जमणं कठीण. म्हणून त्याच आवृत्तीत भाषांतराच्या फायलीही आपोआप ताज्या ठेवण्याची व्यवस्था आली. पुढचं मग भराभर झालं. सप्टेंबर २०१४ मध्ये सॉफ्टवेअर बसवतानाच पहिल्या पडद्यावर भाषा विचारली जाऊ लागली. डिसेंबरात ४.१ ने ती निवड सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये आणली.

यावर जाणकार म्हणतील की मदतीचे व्हिडिओ इंग्रजीत, त्रुटींचे संदेश शोधायचे तेही इंग्रजीत. मराठी पडदा घेऊन माणूस अडकेलच. आक्षेप खरा आहे, पण तो संगणकवाल्याचा आहे. कार्यालयात सूचना चढवणाऱ्या कारकुनाला त्रुटींचे संदेश शोधायचे नसतात. त्याला मजकूर टाकून तो प्रसिद्ध करायचा असतो. खरी अडचण अशी की सगळ्या संकेतस्थळाला भाषा एकच, त्यामुळे दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागे. कुणाला, हे सांगायला नको. डिसेंबर २०१६ मध्ये ४.७ ने हा पेच सोडवला: प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये स्वतंत्र भाषा. कारकून मराठीत, संगणकवाला इंग्रजीत, आणि वाचकाला दिसणारी भाषा तिसरीही असू शकते. यात वर्डप्रेसचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. जूमला या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जानेवारी २००८ मधल्या १.५ आवृत्तीत प्रशासनाच्या भागासाठी अशी वैयक्तिक निवड होतीच.

भाषांतरच अपुरं असेल तर बटण कुठेही ठेवून काय उपयोग, हा दुसरा आक्षेप. अर्धवट भाषांतराचा त्रास खराच आहे, आणि जिथे मराठी वाक्य सापडत नाही तिथे मध्येच मूळ इंग्रजी डोकावतं. पण अशा पडद्यावर काम करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. ते ठरवणं अजून पुरतं त्याच्या हाती आलेलं नाही, ही माझी तक्रार. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ ने लॉगिनच्या पडद्यावरही भाषेची यादी आणली खरी, पण तिथे काय किंवा प्रोफाइलमध्ये काय, संकेतस्थळावर आधी बसवलेल्या भाषाच निवडता येतात. प्रशासकाने इंग्रजीखेरीज एकही भाषा बसवलेली नसेल तर ती यादी उमटतच नाही, आणि कारकुनाला असा काही पर्याय असतो हेही कळत नाही.