सीमा आणि संज्ञा : डहाणू-तलासरी परिसरातील जकातीचा एक विचार

जकात कोठे घ्यावयाची आणि कशावर घ्यावयाची, हे दोन प्रश्न प्रत्येक शुल्कव्यवस्थेस सोडवावे लागतात. पहिल्याचे उत्तर सीमेने मिळते, दुसऱ्याचे संज्ञेने. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू व तलासरी या तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. येथील आंतरराष्ट्रीय सीमा सुमारे एकशेसत्तर वर्षे टिकली आणि नाहीशी झाली. परंतु हाताने वस्तू घडविणाऱ्याच्या मागचा शुल्काचा प्रश्न तिच्याबरोबर नाहीसा झाला नाही.

या विषयातील शब्दांनाही इतिहास आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. ‘जकात’ हा शब्द अरबीत धार्मिक दानकर्तव्याचा वाचक. फारसीच्या द्वारे मराठीत रुळताना तो नाक्यावरील वसुलीचा वाचक झाला. पोर्तुगीजांचा ‘आल्फांदेग’, म्हणजे जकातघर, हाही मूळचा अरबीच. ‘फुंदुक’ म्हणजे व्यापाऱ्यांच्या उताऱ्याची व माल ठेवण्याची जागा, त्यापासून तो निघाला. एकाच भाषाकुलातून निघालेले हे दोन शब्द या प्रदेशात समोरासमोर आले.

डहाणूचा किनारा वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांच्या ताब्यात आला; दमण मात्र पोर्तुगीजांकडे राहिले. पुढे १७७२ साली मराठी आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईदाखल बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे १७७९ च्या तहात ठरले, आणि त्यानुसार १७८३ साली नगर हवेली व १७८५ साली दादरा पोर्तुगीजांकडे गेले. जहाजाच्या भरपाईचा हिशेब अशा रीतीने सरहद्द होऊन बसला. दमण समुद्रकाठी, नगर हवेली आत डोंगराकडे, आणि दोहोंमध्ये प्रथम मराठ्यांचा व १८१८ नंतर इंग्रजांचा मुलूख, अशी ही विलक्षण रचना होती. १८४३ साली दमणच्या गोदीतून पाण्यात उतरलेले ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया’ हे शिडाचे लढाऊ जहाज नगर हवेलीच्या सागवानाचे होते. दमणच्या सुतारांच्या हाती पडण्यापूर्वी त्या लाकडाला परक्या मुलखाचा पट्टा ओलांडावा लागत होता.

इंग्रजी अमलात दोन विरुद्ध प्रवाह दिसतात. १८३८ साली मुंबई इलाख्यातील अंतर्गत पारगमन जकाती रद्द झाल्या; अर्थात आतले नाके उठले आणि बाहेरच्या रेषेचे महत्त्व वाढले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ही रेषाही काही काळ पुसली. दोन्ही मुलखांचा एक जकातसंघ झाला, आणि मिठाच्या मक्तेदारीच्या मोबदल्यात पोर्तुगीजांस दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. मात्र हा तह १८९२ साली संपुष्टात आला व नाके परतले. १९२४ साली खुष्कीच्या सरहद्दीसाठी स्वतंत्र कायदा झाला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस वारली समाजाची वस्ती होती. जो व्यवहार त्या लोकांच्या दृष्टीने शेजारगावचा, तोच कायद्याच्या दृष्टीने परदेशी व्यापार ठरत होता.

२ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली मुक्त झाली. या अंतर्गत मुलखांत जाण्याच्या हक्काबाबत पोर्तुगालने केलेल्या दाव्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली दिला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क, भारताच्या नियंत्रणाच्या अधीन, होता. सैन्य व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, असा त्याचा आशय होता. तेथेही निर्णय वर्गवारीवर, म्हणजे संज्ञेवरच, टेकला होता. डिसेंबर १९६१ मध्ये दमणही भारतात आले, आणि १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाने १९२४ चा कायदा मोडीत काढला. तलासरीची सरहद्द आता केवळ राज्याची हद्द उरली.

यानंतर दुसरा प्रश्न पुढे आला. वारली सुवासिनी लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. भिंत परदेशी पाठविता येत नाही. त्यामुळे जकातीचा संबंध येत नव्हता. एकोणीसशे सत्तरच्या दशकात ही चित्रे कागदावर व कापडावर उतरली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे जगात पोचली. १९८८ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सर्वस्वी हाताने काढलेल्या चित्रांना सत्त्याण्णवाव्या प्रकरणात स्थान आहे. पण हाताने सजविलेल्या तयार वस्तू तेथून स्पष्टपणे वगळल्या आहेत. परिणामी तोच हात, तेच पांढरे रेखाटन; परंतु चौकटीतील कापडावर असेल तर चित्र, तबकावर असेल तर लाकडी वस्तू, मडक्यावर असेल तर मातीचे भांडे. शिल्पकार ब्रांकुशी याचा ‘अंतराळातील पक्षी’ १९२६ साली न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्यांनी घरगुती धातुसामानात घालून त्यावर चाळीस टक्के कर मागितला. ते शिल्प आहे असे म्हणण्यास न्यायालयाचा १९२८ चा निकाल लागला. ब्रांकुशीला न्यायालय गाठता आले; दोन-चार चित्रे पाठविणाऱ्या पाड्यावरच्या कलावंताला ते परवडणारे नाही.

या भेदाची झळ लहान पार्सलांना फारशी लागत नसे, कारण अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या मालास शुल्कमाफी होती. ती २९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्व देशांसाठी बंद झाली. शुल्क कोणी व कसे गोळा करावयाचे याचा उलगडा न झाल्याने भारतीय टपाल खात्याला त्या सुमारास तिकडची बहुतेक पार्सले थांबवावी लागली. ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून घोषणापत्रावरील वर्णनाचा एकेक शब्द पैशांत मोजला जाऊ लागला.

वारली चित्रकलेस २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली; तिने नावाचे रक्षण होते, परंतु शुल्काचा वर्ग ठरत नाही. ‘चौक’ या शब्दास घोषणापत्रात जागा नाही, आणि ज्या संज्ञांना जागा आहे त्या करणाऱ्याच्या भाषेतील नाहीत. घडविणाऱ्यांची वस्तुनामे व शुल्कसूचीतील संज्ञा यांचा मेळ घालणारा कोश म्हणूनच केवळ भाषाशास्त्राच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. पूर्वी नाकेदार वाटेवर उभा असे, आज तो शब्दात उभा आहे. त्याच्याशी बोलण्याची भाषा कलावंताच्या हाती देणे हे अभ्यासकांचे काम आहे.